कार्ड खरंच भारी आहे की नुसतं भारी दिसतंय?

मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा गेम खेळायला लागलो तेव्हा माझ्या डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गठ्ठ्यात, आठ मॅनाचा एक ड्रॅगन होता. भलामोठा, उडणारा, चित्र असं की नुसतं बघत बसावं. एक नाही, तीन कॉपी घातल्या होत्या, कारण एवढं भारी कार्ड जितकं जास्त तितकं चांगलं, असा माझा सरळ साधा हिशोब. मग एक गेम असा झाला की पाचवा टर्न चालू, टेबलावर माझ्या चार लँड, हातात दोन ड्रॅगन, आणि समोरच्या मित्राने पहिल्या टर्नपासून दोन-दोन ताकदीची किरकोळ क्रीचर, म्हणजे लढणारी कार्डं, टाकून मला २० वरून ६ लाइफवर आणलेलं (शून्य झालं की हरलो). पुढच्या टर्नला मेलो. त्याने माझा हात उलटा करून बघितला, दोन्ही ड्रॅगन बाजूला ठेवले आणि विचारलं, "ह्या दोघांनी आत्तापर्यंत काय केलं?"

काहीच केलं नव्हतं. हातात बसून होते फक्त.

कार्ड जोखायची गोष्ट खरं तर ह्या एका प्रश्नापासून सुरू होते. आपण नवीन कार्ड हातात घेतलं की खालचा मजकूर आधी वाचतो, हे करतं, ते करतं, सगळं उडवून देतं, आणि वरच्या कोपऱ्यातला आकडा शेवटी बघतो. उलटं करायला पाहिजे. आधी किंमत, मग काम.

ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. मॅना म्हणजे कार्ड खेळायला लागणारं इंधन, ते लँड नावाच्या कार्डांतून मिळतं, आणि एका टर्नला हातातून एकच लँड टाकता येते. आता समजा ६० कार्डांच्या डेकमध्ये २४ लँड आहेत, म्हणजे दर दहा कार्डांमागे चार. आठ लँड दिसायला सरासरी २० कार्डं बघावी लागतात. सुरुवातीला हातात सात येतात, नंतर टर्नला एक, म्हणजे माझा ड्रॅगन टेबलावर उतरायला साधारण तेरावा-चौदावा टर्न उजाडणार. आणि मी सहाव्यालाच मरत होतो! हा हिशोब करायला काही गणितात डोकं लागत नाही, पण मी तो कधी केलाच नव्हता कारण ड्रॅगनचं चित्र फार छान होतं.

बरं, किंमत बघायची म्हणजे नक्की काय बघायचं, ह्यासाठी एक जुनं पण फार मस्त उदाहरण आहे. हा गेम १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्डने आणला, माणूस गणितातला, आणि पहिल्याच सेटमध्ये पाच रंगांची पाच कार्डं अशी होती की प्रत्येकाची किंमत एक मॅना आणि प्रत्येकात आकडा तीनचा. निळ्याचं अँसेस्ट्रल रिकॉल, तीन कार्डं ओढा. काळ्याचं डार्क रिच्युअल, तीन मॅना मिळवा. लालचं लाइटनिंग बोल्ट, तीन डॅमेज. हिरव्याचं जायंट ग्रोथ, एका क्रीचरला टर्न संपेपर्यंत +३/+३ (पहिला आकडा ताकद, म्हणजे किती मारतं, दुसरा तब्येत, म्हणजे किती सोसतं). आणि पांढऱ्याचं हीलिंग सॅल्व्ह, तीन लाइफ मिळवा नाहीतर तीन डॅमेज अडवा. कागदावर बघितलं तर अगदी समान वाटणी, पाच भावंडांना सारखा खाऊ.

प्रत्यक्षात काय झालं? अँसेस्ट्रल रिकॉल हे गेमच्या इतिहासातल्या सगळ्यात ताकदवान कार्डांपैकी एक ठरलं, व्हिंटेज नावाच्या फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे कुठली कार्डं चालतात ह्याचे नियम) त्याची डेकमध्ये एकच कॉपी चालते आणि लेगसी ह्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये तर बंदीच आहे. बोल्ट आजही जिथे चालतं तिथे लोक आनंदाने चार घालतात. रिच्युअल ठराविक डेकमध्ये भयानक, बाकी ठिकाणी बिनकामाचं. जायंट ग्रोथ ठीक. आणि हीलिंग सॅल्व्ह कोणी फुकट दिलं तरी डेकमध्ये घालत नाही.

का? तर तीन म्हणजे सगळीकडे सारखे तीन नसतात. एकेक करून बघू.

हीलिंग सॅल्व्ह. समोरच्याकडे तीन ताकदीचं क्रीचर आहे, ते दर टर्नला मला मारतंय. मी सॅल्व्ह खेळलो, तीन लाइफ मिळाले, पुढच्या टर्नला त्याच क्रीचरने ते परत काढून घेतले. माझं एक कार्ड गेलं, त्याचं क्रीचर तिथेच आहे. म्हणजे मी एक कार्ड देऊन फक्त एक टर्न विकत घेतला. तोच बोल्ट असता तर ते क्रीचरच गेलं असतं, (त्याची तब्येत तीनपर्यंत असेल तर, हे ओघाने आलंच), माझं एक त्याचं एक, आणि पुढचे सगळे टर्न मार बंद. शिवाय समोर क्रीचर नसेल तर बोल्ट सरळ त्याच्या तोंडावर मारता येतो, तो तीन लाइफवर असेल तर गेम तिथेच संपतो. सॅल्व्हने कधीच कोणाचा गेम संपवला नाही.

जायंट ग्रोथची अडचण वेगळी. ते एकटं काहीच नाही, त्याला टेबलावर आपलं क्रीचर लागतं. आणि मी ग्रोथ टाकलं की समोरच्याने त्यावर उत्तर म्हणून बोल्ट मारून ते क्रीचरच उडवलं तर? माझी दोन कार्डं गेली, त्याचं एक. असं दोनदा झालं की गेम हातातून गेला समजा.

रिच्युअलमध्ये एक मॅना टाकून तीन मिळतात, म्हणजे निव्वळ फायदा दोनचा, पण एक अख्खं कार्ड खर्च होतं. पहिल्या टर्नला तिसऱ्या टर्नचं काहीतरी खतरनाक उतरवता येत असेल तर सोनं, पण दहाव्या टर्नला हात रिकामा असताना डेकवरून हेच आलं तर काय करणार त्या मॅनाचं, लोणचं?

आणि मग रिकॉल. एक कार्ड जातं, तीन येतात. ती तीन काय असतील? माझ्या डेकमधली, म्हणजे मीच निवडलेली. बोल्ट असू शकतील, लँड असू शकतील, दुसरं काहीही. बाकीचे चार एकेक ठरलेलं काम करतात, रिकॉल "जे हवं ते अजून थोडं" देतं. ह्याला खेळणारे कार्ड अ‍ॅडव्हान्टेज म्हणतात, म्हणजे एक देऊन एकापेक्षा जास्त मिळवणं, आणि कुठलंही कार्ड बघताना दुसरा प्रश्न हाच विचारायचा की हे खेळल्यावर माझी किती गेली आणि त्याची किती गेली किंवा माझी किती आली. एकाला एक ही बरोबरी. एकाला दोन हा फायदा. दोनाला एक हा तोटा, मग कार्डावर कितीही आकर्षक मजकूर असू दे.

बनवणाऱ्यांना रिकॉल जास्त ताकदवान आहे हे अगदीच कळलं नव्हतं असं नाही. बाकीची चार कॉमन होती आणि रिकॉल रेअर, म्हणजे पाकिटात क्वचित निघणारं. दुर्मिळ ठेवलं की प्रश्न सुटेल ही कल्पना असावी, पण दुर्मिळ असल्याने कार्ड कमकुवत होत नाही, फक्त ते कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही एवढंच ठरतं. आणि उलटही खरं, रेअर आहे म्हणून भारी असं काही नसतं. माझा ड्रॅगन रेअर होता. बोल्ट कॉमन.

आता नुसतं कार्डं मोजून भागत नाही, वेळही मोजावी लागते. पहिल्या चार टर्नमध्ये, दर टर्नला लँड पडली असं धरलं तर, एकूण १+२+३+४ म्हणजे दहा मॅना मिळतात आणि त्या टर्नला न वापरलेला मॅना पुढे साठत नाही, वाया जातो. ज्याने त्या दहातले नऊ वापरले आणि ज्याने चार वापरले ते दोघं एकच गेम खेळत नाहीयेत. ह्याला टेम्पो म्हणतात. म्हणून दोन मॅनाचं साधं २/२ क्रीचर, ज्यावर एक अक्षर मजकूर नाही, ते दुसऱ्या टर्नला माझ्या हातातल्या ड्रॅगनपेक्षा मोठं असतं. हे पचायला मला फार वेळ लागला.

मजकूर नसलेल्या अशा क्रीचरना व्हॅनिला म्हणतात आणि त्यावरून एक सोपी परीक्षा निघाली. कार्डावरचा सगळा मजकूर बोटाने झाका. उरलेली ताकद, तब्येत आणि किंमत बघा. ती एवढ्या किमतीच्या साध्या क्रीचरएवढी असेल तर वरचा मजकूर तुम्हाला फुकट मिळतोय. हर्थस्टोन ह्या कॉम्प्युटरवरच्या कार्ड गेममध्ये ह्याचं एक क्लासिक उदाहरण होतं. वॉर गोलेम नावाचं कार्ड, सात मॅना, ७/७, मजकूर काही नाही, कोणी ढुंकून बघायचं नाही. २०१४ मध्ये डॉक्टर बूम आला, तेव्हा त्याचीही किंमत सात, तोही ७/७, पण सोबत दोन छोटे १/१ बूम बॉट आणायचा जे मरताना समोरच्या कुठल्यातरी एकाला १ ते ४ डॅमेज देऊन मरायचे. आकडे तेच, वर दोन बॉम्ब फुकट. काही दिवसांत तो जिकडे तिकडे दिसायला लागला. समोरच्याने मोठा ७/७ मारला तरी दोन बॉट मागे उरायचे, म्हणजे एका कार्डाला उत्तर द्यायला त्याला एकापेक्षा जास्त खर्च व्हायचा. पुन्हा तोच हिशोब.

गेम बदलला की मापं बदलतात हेही लक्षात ठेवा. यू-गी-ओमध्ये मॅना हा प्रकारच नाही. तिथे पॉट ऑफ ग्रीड म्हणून कार्ड आहे, फक्त दोन कार्डं ओढा, बास. मॅजिकमध्ये तीन मॅना देऊन दोन कार्डं ओढणं हे अगदी सरळ, सभ्य कार्ड आहे, पण जिथे किंमतच नाही तिथे हेच कार्ड प्रत्येक डेकमध्ये डोळे झाकून घालावं लागतं, म्हणून त्यावर बंदी आहे. काम जवळपास तेच, किंमत शून्य, निकाल एकदम वेगळा.

बरं, किंमत बघितली, कार्डं मोजली, तरी एक गोष्ट राहतेच आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आपण कार्डाची कल्पना त्याच्या सगळ्यात चांगल्या क्षणी करतो. माझ्याकडे तीन क्रीचर आहेत, समोर मोकळं रान आहे, मी हे कार्ड टाकतो आणि सगळ्यांना +४/+४, खेळ खल्लास. अरे पण तुझ्याकडे तीन क्रीचर आणि समोर मोकळं रान असेल तर तू तसाही जिंकतोयस! असल्या कार्डांना विन-मोर म्हणतात, जिंकत असताना अजून जिंकवणारी. कार्ड चार परिस्थितींत ठेवून बघायचं. सुरुवातीला, दोघांकडे काही नसताना. बरोबरीत, दोघं अडून बसलेले असताना. आपण पुढे असताना. आणि आपण मार खात असताना. पुढे असताना तर बरीच कार्डं चांगली दिसतात म्हणून तिथला मार्क जवळजवळ मोजूच नका. बोल्ट चारही ठिकाणी काहीतरी करतं. ड्रॅगन बरोबरीत अप्रतिम, कोंडी एकटा फोडतो, हे मान्य करायलाच पाहिजे, पण सुरुवातीला शून्य, आणि मार खात असताना आठ लँड असतील तरच. म्हणजे एक ड्रॅगन ठीक आहे. तीन म्हणजे वेडेपणा होता.

कॉम्बोचंही तसंच. "हे आणि ते एकत्र आलं की गेम जिंकलाच", खरं आहे, पण एकत्र येणार किती वेळा? ६० च्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या चार कॉपी असतील तर सुरुवातीच्या सात कार्डांत ते निदान एकदा तरी असण्याची शक्यता साधारण ४० टक्के. दोन वेगवेगळी कार्डं हवी असतील, दोन्हीच्या चार-चार कॉपी, तर १४-१५ टक्के. तीन हवी असतील तर पाच टक्क्यांच्याही खाली. पुढे ओढत जाल तसा आकडा वाढतो, पण तोवर हातात पडून असलेला कॉम्बोचा अर्धा भाग एकटा काय करतो हे विचारायचं. एकटाही बऱ्यापैकी कामाचा असेल तर कॉम्बो करा खुशाल. एकटा दगड असेल तर तुमच्या हातात सातऐवजी सहाच कार्डं आहेत.

आता एवढं सगळं सांगितल्यावर हेही सांगायला पाहिजे की ह्या हिशोबाने मोठमोठे फसलेत, आणि ते का फसले ते बघण्यात खरी मजा आहे.

१९९५ मध्ये आईस एज सेटमध्ये नेक्रोपोटन्स आलं. तीन काळे मॅना. वाचायला भयंकर: तुमचा नेहमीचा कार्ड ओढायचा हक्क जातो, त्याबदल्यात एक लाइफ देऊन एक कार्ड बाजूला ठेवायचं, आणि तेही लगेच नाही, टर्न संपताना हातात. सुरुवातीला बऱ्याच लोकांनी ते वाचून नाक मुरडलं. ड्रॉ गेला, वर लाइफ द्यायचं? पण नीट बघा. लाइफ २० असतं, आणि त्यातलं फक्त शेवटचं एक महत्त्वाचं. १९ वर मेलेला कोणी नाही आणि २ वर असताना जिंकलेले ढिगाने आहेत. म्हणजे मधले सगळे आकडे हे खरं तर खर्च करायचे पैसे आहेत, आणि नेक्रोपोटन्स त्या पैशांनी कार्डं विकतं, एक लाइफला एक, हवी तेवढी, एका टर्नला सहा-सात घेतली तरी चालतील. १९९६ च्या उन्हाळ्यात काळ्या नेक्रो डेकने स्पर्धांमध्ये असा धुमाकूळ घातला की त्या काळाला आजही ब्लॅक समर म्हणतात. लोकांची चूक एकच झाली, त्यांनी लाइफला किंमत समजण्याऐवजी इजा समजलं.

ट्रेझर क्रूझची गोष्ट उलट बाजूने तीच. २०१४ मधलं कार्ड, कोपऱ्यात छापलेली किंमत चक्क आठ मॅना, काम तीन कार्डं ओढा. तीन कार्डांसाठी चार मॅना हा नेहमीचा वाजवी दर, मग आठ देणारा कोण? पण त्यावर डेल्व्ह आहे, म्हणजे ग्रेव्हयार्डमधलं (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातलं) एकेक कार्ड गेममधून काढलं की एकेक मॅना कमी. स्वस्त स्पेल भराभर खेळणाऱ्या डेकमध्ये ग्रेव्हयार्ड आपोआप भरतं, आणि आठातले सात मॅना कचऱ्याने फेडता येतात. उरला एक निळा मॅना. एक निळा मॅना, तीन कार्डं... ओळखीचं वाटतंय ना? जानेवारी २०१५ मध्ये मॉडर्न आणि लेगसी ह्या दोन्ही फॉरमॅटमध्ये त्यावर बंदी आली. तेव्हा वरचा आकडा बघा असं मी म्हटलं खरं, पण प्रत्यक्षात खिशातून किती जातात ते बघा, असं म्हणायला पाहिजे होतं.

आणि स्कलक्लॅम्प. हे तर बनवणाऱ्यांनाच कळलं नाही. २००४, एक मॅनाचं उपकरण, क्रीचरला लावायला अजून एक मॅना, आणि ते क्रीचर मेलं की दोन कार्डं ओढा. बनवताना शेवटी शेवटी बदलून ते क्रीचरला +१/-१ देणारं केलं. तब्येत एकने कमी म्हणजे कार्ड जरा मवाळ झालं असं वाटतं ना? पण १/१ क्रीचरला हे लावलं की त्याची तब्येत शून्य, ते जागच्या जागी मरतं आणि तुम्हाला दोन कार्डं मिळतात. एक मॅना, दोन कार्डं, टेबलावर बारकी क्रीचर आहेत तोवर पुन्हा पुन्हा. तोट्यासाठी लिहिलेला उणे एक हाच सगळ्यात मोठा फायदा निघाला. काही महिन्यांत स्टँडर्ड ह्या फॉरमॅटमध्ये बंदी. तेव्हापासून कार्डावर कुठे तोटा लिहिलेला दिसला की मी थांबून विचार करतो की हा तोटा कोणाला हवासा वाटेल. बहुतेक वेळा उत्तर "कोणालाच नाही" असतं हेही खरं. काळ्याचं एक कार्ड आहे, वन विथ नथिंग, एक मॅना द्या आणि स्वतःचा अख्खा हात टाकून द्या. ते वाचून फार हुशारी शोधत बसू नका.

एक तक्रार करून घेतो. कुठल्याही नवीन क्रीचरवर कोणीतरी पहिलं वाक्य बोलतोच, "रिमूव्हलने मरतं", म्हणजे क्रीचर उडवणाऱ्या कार्डाने. अरे, सगळीच मरतात! विचारायचं असं की मरण्याआधी त्याने काही केलं का, आणि मारायला समोरच्याला किती मॅना लागला. पाच मॅनाचं क्रीचर एक मॅनाच्या स्पेलने मेलं आणि आल्या आल्या त्याने काही केलेलं नव्हतं, तर कार्ड एकाला एक गेलं पण चार मॅनाचा फटका बसला. तेच उतरताना एक कार्ड देऊन गेलं असेल तर मरू दे की.

मी स्वतः आता एक साधी गोष्ट करतो. नवीन कार्ड डेकमध्ये घातलं की शेजारी कागद ठेवतो, आणि ते कार्ड हातात आलं की त्या क्षणी स्वतःला विचारतो की ह्याऐवजी डेकमधलं दुसरं कुठलंही साधं कार्ड आलं असतं तर जास्त आनंद झाला असता का. झाला असता तर फुली, नाहीतर टिक. गेम जिंकलो की हरलो ते लिहायचंच नाही, कारण त्यात बाकीच्या ५९ कार्डांचा आणि नशिबाचा वाटा असतो. दहा-बारा नोंदी झाल्या की चित्र पुरेसं स्पष्ट होतं.

त्या ड्रॅगनवरही नंतर हे करून बघितलं. अकरा वेळा हातात आला, नऊ फुल्या, दोन टिका. ते दोन गेम मला अजून टर्न बाय टर्न आठवतात, बाकीच्या नऊमधला एकही नीट सांगता येणार नाही.